परवाना हातात आहे. बार कुठे तपासायचा?



ज्वारी पोटऱ्यात आली की आमच्या कन्नड-सिल्लोडच्या डोंगरकडेच्या माणसाची झोप उडते. दिवसा पाखरं, रात्री डुकरं. कपाशीचं रोप चार पानांवर आलं की रोही येतात आणि शेंडे खुडून जातात. कपाशीचा शेंडा एकदा गेला की बोंडं धरायची कशाला? १९८६ साली गौताळा-औट्रमघाट अभयारण्य झालं. ते झालं याबद्दल आमची तक्रार नाही. पण डोंगराला कुंपण नाही आणि डुकराला सातबारा वाचता येत नाही. वन्यप्राणी सरकारचे, चारा मात्र आमच्या शेतातला. ज्वारीचा पेरा कमी झाला त्याची कारणं बरीच आहेत, त्यातलं एक हेही आहे, हे पेरणाऱ्याला सांगायला नको.

यावर सरकारनं काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. कायदे भरपूर केले. ते आधी नीट समजून घेऊ.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. १९९१ च्या दुरुस्तीनं परवाना काढून हौसेनं शिकार करणं बंद झालं. ते बरंच झालं. पण त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोकादायक झालेला प्राणी मारण्याची लेखी परवानगी देण्याची सोय आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला पिकासाठी हात लावता येत नाही. रोही आणि रानडुक्कर त्या अनुसूचीबाहेर आहेत. त्यांच्यासाठी वनाधिकाऱ्याची परवानगी मिळू शकते. मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता होतो. त्याचं मटण शिजवायचं नाही, हेही लक्षात असू द्या.

आता बंदूक. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं तिथं लिहिलंय. पुढं असंही लिहिलंय की, ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी सरळ नळीची, म्हणजे काडतुसाची बंदूक देता येईल.

इथं थांबून विचार करा. ठासणीची बंदूक पुरत नाही हे अधिकाऱ्याला पटवायचं कसं? ती किती पावलांवरून मारते, किती छर्रे लागतात, किती वेळा बार फुसका जातो, हे मोजून दाखवलं पाहिजे. मोजायचं कुठं? घरामागं मोजलं तर गुन्हा. शेतात मोजलं तर शेजारी पोलिसात जातो, आणि त्याचं काही चुकत नाही. चांदमारीच्या जागेवर गेलं तर ती खेळाडूंसाठी. म्हणजे कायद्यानं दार ठेवलं, पण दाराची किल्ली ठेवली नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. वडिलांच्या नावावर ठासणीची बंदूक होती. ते गेल्यावर रीतसर माझ्या नावावर झाली. २०२४ साली लोकसभेची निवडणूक आली, तेव्हा ती जमा केली. पावसाळ्यात परत आणली, तोच नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली, पुन्हा जमा. नेमकी तेव्हा मका काढणीला आणि रब्बीची ज्वारी उगवून वर आलेली. निवडणूक पार पडली, बंदूक घरी आली, नळीत तांबेरा घेऊन. वरून पुसली, तेल दिलं आणि माळ्यावर जागलीला घेऊन बसलो.

मध्यरात्री डुकरांचा कळप बांधावरून उतरला. चाप ओढला. टोपी फुटली, पण बार निघाला नाही. "बिघडली वाटतं," म्हणून मी नळी वळवून बघणार, एवढ्यात बार सुटला. माळ्याच्या बल्लीची साल निघाली. खाली माझा पोरगा बॅटरी घेऊन उभा होता. दोन हाताचं अंतर होतं. त्या रात्री डुकरं गेली ती गेलीच, पण मला उमगलं की माझ्या पिकाला डुकराचा धोका आहे आणि माझ्या पोराला माझ्या बंदुकीचा.

दुसऱ्या दिवशीपासून खेटे सुरू झाले. एका चांदमारीच्या ठिकाणी सांगितलं, इथं फक्त सभासद. दुसरीकडं म्हणाले, इथं छऱ्याची हवाई बंदूक चालते, दारूचा बार चालत नाही. कुठं पत्र आणा, कुठं शिक्का आणा. चार-पाच खेपा झाल्या तेव्हा एक सकाळ पदरात पडली, तीही तिथल्या एका निवृत्त जवानाच्या शब्दावर. त्या एका सकाळी जे शिकलो ते वडिलांनाही कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून ते इथं लिहितो.

पहिली गोष्ट. त्या गृहस्थांनी बंदूक मला खांद्याला लावूच दिली नाही. आधी कारागिराकडून नळी आणि घोडा तपासून आणायला लावलं. मग वाळूच्या पोत्यांमध्ये बंदूक आवळून बांधली आणि आडोशाला उभं राहून दोरीनं चाप ओढला. जुनी बंदूक पहिल्यांदा अशीच उडवायची. नळी फाटली तर पोतं फाटेल, डोळा जाणार नाही.

दुसरी गोष्ट, दारूची. एक दारू गेल्या पावसाळ्यापासून डब्यात पडलेली, दुसरी नवी. माप तेच, छर्रे तेवढेच. नव्या दारूनं पोतं मागं सरकलं. जुन्या दारूनं नुसता धूर केला आणि छर्रे फळीत रुतले नाहीत, आपटून खाली पडले. बंदुकीच्या दारूत सोरा असतो आणि तो ओल धरतो. कापसाची सरकी ओली असली तर आपण पेरत नाही, मग ओली दारू कशी भरतो? आपल्याकडं सवय अशी, की बार कमी वाटला की "चिमूटभर जास्त टाक". जास्तीची चिमूट एखाद्या दिवशी कोरड्या दारूची निघते आणि नळी उघडते. दारू मापानंच घ्यायची, माप सपाट करायचं, गजानं छर्रे दारूवर घट्ट बसले आहेत हे गजावर खूण करून पाहायचं. मध्ये पोकळी राहिली तरी नळी फाटते. आणि काडतुसातली बिनधुराची दारू काढून ठासणीच्या बंदुकीत भरणं म्हणजे स्वतःच्या हातानं बॉम्ब करणं.

टोपी फुटली आणि बार निघाला नाही तर? नळी समोर, सुरक्षित दिशेला धरून मिनिटभर तशीच उभी करायची. हे एक मिनिट मला माहीत नव्हतं, म्हणून माझा पोरगा वाचला तो नशिबानं.

तिसरी गोष्ट, अंतराची. काडतुसाच्या बंदुकीची जुनी कसोटी अशी की, ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३७ मीटरवर, कागद लावायचा, त्यावर ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि छर्रे मोजायचे. तोंडाशी आवळलेल्या नळीचे सुमारे ७० टक्के छर्रे वर्तुळात पडतात, सरळ नळीचे सुमारे ४० टक्के. माझ्या ठासणीच्या बंदुकीचे चौथा हिस्साही पडले नाहीत. वीस पावलांवर कागद आणला तेव्हा कुठं कागदाची चाळण झाली. म्हणजे वीस पावलांच्या पुढं माझी बंदूक डुक्कर मारत नाही, जखमी करते. आणि जखमी डुक्कर ज्वारीत शिरलं की सकाळी खुरपायला जाणाऱ्या बाईच्या अंगावर येतं.

त्याच सकाळी एक ओळखीचे दादा आजोबांची .३१५ ची रायफल तपासायला आले होते. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. टेबलावर टेकून त्यांनी एका पेटीतल्या तीन गोळ्या मारल्या, त्या तीन बोटांत बसल्या. दुसऱ्या, जुन्या पेटीतल्या तीन मारल्या, त्या वीतभर खाली आणि विखरून. बंदूक तीच, हात तोच, काडतूस बदललं तर नेम बदलला. रायफलीची गोळी चुकली तर मैलाच्याही पुढं जाते. आपल्या काळ्या सपाट रानात मागं तिला अडवायला टेकडी नाही, पुढच्या वस्तीवर माणसं झोपलेली असतात. म्हणून बार माळ्यावरून खाली, जमिनीत जिरेल असाच मारायचा.

आता हे बघा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक आणलं. आपल्याच खेड्यातला पोरगा, ऊर भरून येतो. त्या खेळातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढं. तेवढ्यासाठी त्या दर्जाचे नेमबाज काडतुसांचा एकेक घाणा आधी मारून बघतात आणि आपल्या रायफलीला मानवेल तोच घेतात. कागदावर नेम धरणाऱ्याला एवढी तपासणी, आणि अंधारात, झोपमोड झालेल्या डोळ्यांनी, शेजारच्या वावरात माणसं असताना बार काढणाऱ्या शेतकऱ्याला काहीच नाही! खेळाडूची सोय काढून घ्या असं आम्ही म्हणत नाही. त्याच जागेवर वर्षातले दोन दिवस आम्हाला द्या, एवढंच म्हणतो.

शस्त्र नियम २०१६ मध्ये परवान्यासाठी सुरक्षेचं शिक्षण घेतल्याच्या दाखल्याची गोष्ट आली. कागद चांगला आहे. शिकवायची जागा तालुक्याला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षं झाली. तेही सोयीचं. पण या पाच वर्षांत बंदूक एकदाही कुणी तपासत नाही. ट्रॅक्टरला पासिंग लागतं, काट्यावरच्या वजनावर शिक्का लागतो, बंदुकीला फक्त फोटो आणि सही पुरते.

शहरातले काही शहाणे म्हणतात, गावात बंदुका कशाला, सरकारनं नेमबाज पाठवावेत. २०१६ साली बिहारमध्ये मोकाम्याला हैदराबादचे नेमबाज बोलावून दोनशेच्या वर रोही मारले. त्यावरून दिल्लीत एकाच सरकारचे दोन मंत्री एकमेकांशी भांडले. नेमबाज परत गेले. उरलेले रोही तिथंच राहिले आणि शेतकरीही तिथंच राहिला. बाहेरून आणलेला माणूस एका आठवड्याचा; जागल दरसालची.

दुसरे म्हणतात, आता विमा येतो आहे. वन्यप्राण्यांचं नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीकविम्यात घेण्याचा निर्णय केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. ७२ तासांत मोबाइलवरून फोटोसह कळवायचं. द्या, आम्ही घेऊ. पण भरपाई म्हणजे राखण नव्हे. चोरी झाल्यावर पंचनामा करणारा आणि चोरी होऊ नये म्हणून दाराला कडी लावणारा, हे दोन वेगळे.

आणि बंदूक नीट चालत नाही तेव्हा गावात काय होतं, तेही झाकून ठेवू नका. कुणी तारेत वीज सोडतं, कुणी कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतं. तारेला डुकराच्या आधी शेजाऱ्याचा पोरगा लागतो, बॉम्ब आपलाच बैल चावतो. वीस पावलांची मर्यादा ओळखणारा, तपासलेल्या बंदुकीचा जबाबदार माणूस यापेक्षा शंभर पटीनं बरा.

म्हणून जिल्हा बैठकीपुढं हे ठेवतो. या शहरात छावणी आहे, राज्य राखीव दल आहे, पोलिसांचा गोळीबाराचा सराव चालतो. जिल्हाधिकाऱ्यांनी मे महिन्यात एकदा आणि ज्वारी पोटऱ्यात येण्याआधी एकदा, तालुकावार दिवस ठरवून पीकसंरक्षणाच्या परवानाधारकांना अशा एखाद्या जागी बोलवावं. कारागीर बंदूक तपासेल, जाणता माणूस बार काढून घेईल, कागदावरचे छर्रे मोजून तारखेसह सही होईल. तो कागद परवान्याला जोडावा, आणि ठासणीची बंदूक पुरत नाही याचा पुरावा म्हणून तोच धरावा. निवडणुकीत ज्याच्यावर एकही गुन्हा नाही त्याची बंदूक पीक उभं असताना नेऊ नये. नेली तर कोणत्या अवस्थेत घेतली आणि कोणत्या अवस्थेत दिली याची पावती द्यावी.

हे झालं सरकारकडं मागायचं. आता आपण आपल्याला काय सांगायचं? तपासल्याशिवाय बार काढायचा नाही. रिकामी काडतुसं घरी भरायची नाहीत. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये बसतं आणि हातही जातो. काळवीट की रोही हे दिसल्याशिवाय चापावर बोट नाही. दारू प्यालेल्याच्या हाती बंदूक नाही. हे आपण पाळलं तरच समोरच्याला डोळ्याला डोळा भिडवून विचारता येईल.

माझ्या घरात तो चाळण झालेला कागद भिंतीवर लावलाय. त्याच्या खाली मी "वीस पावलं" एवढंच लिहिलंय. पोरगा विचारतो, "बाबा, एकवीस पावलांवर डुक्कर आलं तर?" मी सांगतो, तर गोफण उचलायची, डबा वाजवायचा, आणि ज्यांनी आपल्याला एवढीच बंदूक दिली त्यांना सकाळी जाऊन हा कागद दाखवायचा. पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडं परवाना आहे त्यांनी तो सोबत आणावा. किती जणांनी आपली बंदूक कधी तपासली, याची मोजणी तिथूनच सुरू करू.