जुन्या मोबाईलचा धंदा: खरी मारामारी माल घेताना आहे

जुन्या मोबाईलवरच्या व्हिडिओनंतर वैशाखऱ्याच्या एका तरुणाशी बराच वेळ फोनवर बोललो. पोरानं रिपेअरिंगचा कोर्स केलाय, दीड वर्ष दुसऱ्याच्या दुकानात हात बसवलाय आणि आता कल्याण-नगर हायवेला एक गाळा बघून ठेवलाय. भांडवल एक लाख. त्यातले साठ हजार वडिलांनी भात आणि एक म्हैस विकून उभे केलेत. त्याचा प्रश्न एकच होता: "सर, कॅशिफाय, ॲमेझॉन असताना माझ्याकडे कोण येणार?"

माझं मत स्पष्ट आहे. येणारे येतील. पोरानं भीती चुकीच्या माणसाची धरलीय.

मोठ्या कंपन्या छोट्या नाहीत, हे मान्य. कॅशिफाय २०१३ पासून या धंद्यात आहे, ॲमेझॉन 'रिन्यूड' नावानं विकतं, फ्लिपकार्टनं २०२२ मध्ये यंत्रा ही जुन्या मोबाईलवालीच कंपनी विकत घेतली. त्यांच्याकडे पैसा आहे, वॉरंटी आहे. पण दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या माणसाला फोन हातात धरून बघायचा असतो. आपलं सिम टाकून इथं रेंज पकडतोय का ते बघायचं असतं. आणि बिघडला तर भांडायला समोर माणूस हवा असतो! ते कुरिअरनं येत नाही.

तुमचे खरे स्पर्धक दोन. एक, मुरबाड-कल्याणचं हप्त्यावर नवा फोन देणारं काउंटर. दहा हजारांच्या आत नवा ५जी फोन मिळायला लागल्यापासून सात-आठ हजारांचा जुना फोन विकणं अवघड झालंय. माझा ठोकताळा असा: त्याच कामाच्या नव्या फोनपेक्षा निदान ४० टक्के स्वस्त देता येत नसेल, तर तो फोन घेऊच नका. दुसरा स्पर्धक गावातलाच, उल्हासनगरहून पिशवीत चार फोन आणून बिनपावतीचे विकणारा. त्याच्याशी भावात भिडाल तर मराल. त्याच्याकडे भाडं नाही, लाईटबिल नाही, आणि विकल्यावर तो फोन उचलत नाही. तुम्ही पंधरा दिवसांची लेखी वॉरंटी द्या. त्याला ती देता येणार नाही.

पण सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो घेताना. हिशोब करा. समजा फोन ५,५०० ला घेतला, डिस्प्ले-बॅटरीला १,००० लागले, ७,५०० ला विकला. हातात हजार. आता एक फोन चोरीचा निघाला आणि ब्लॉक झाला, तर ५,५०० गेले. म्हणजे पाच-सहा फोनांचा नफा एका फटक्यात साफ. वर पोलीस स्टेशनच्या चकरा वेगळ्याच. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि "मला माहीत नव्हतं" हे पटवायला तुमच्याकडे कागद लागतो.

म्हणून फोन समोर आला की *#०६# दाबा, आयएमईआय खोक्यावरच्या नंबरशी जुळवा. मग मेसेजमध्ये केवायएम (इंग्रजी अक्षरांत), एक मोकळी जागा आणि तो १५ आकडी नंबर लिहून १४४२२ ला पाठवा. संचार साथी पोर्टलवरही हे होतं, ते मे २०२३ मध्ये सुरू झालं. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर हात जोडा. विकणाऱ्याला समोर बसवून गुगल अकाउंट काढायला लावा, नाहीतर रिसेट केल्यावर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसेल. बिल, आधारची झेरॉक्स, विकल्याची सही, सगळं एका फाईलला. आणि कोणी म्हणालं, "सॉफ्टवेअर मारून आयएमईआय बदलून देतो," तर त्याला पायरीही चढू देऊ नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे.

जीएसटीचं थोडक्यात. फक्त माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण तुम्ही रिपेअरिंगही करणार, ती सेवा झाली, म्हणून मर्यादा २० लाखांची धरा. नोंदणी झाल्यावर जुन्या मालाला मार्जिन स्कीम आहे: पूर्ण किमतीवर नाही, घेतल्या-विकल्यातल्या फरकावर १८ टक्के. खरेदीचा कागद नसेल तर हा फरक दाखवणार कसा? तीच फाईल इथेही कामाला येते.

पोराला म्हटलं, गाळ्याचं डिपॉझिट आत्ता देऊ नकोस. आधी चाळीस हजारांत घरूनच दहा फोन फिरव, मग हायवेला ये. सगळं पटलं त्याला, एक सोडून. "सर, पहिला फोन मामाचाच घेणार होतो. त्याला बिल आणि आधार मागितलं तर चिडेल."

चिडू दे. मामाचाच आयएमईआय पहिला १४४२२ ला पाठव.