विश्वासाचा पुरावा मागायलाच हवा

खरा ख्रिस्ती कोण, हे त्याच्या बदललेल्या आयुष्यावरून ठरवू नये, असे म्हणणारे दोन विरुद्ध गोटांत सापडतात. पहिला गोट भाविकांचा. तारण कृपेने मिळते, कर्मांनी नव्हे. मग कर्मांचा हिशेब मागणे हा कृपेचाच अपमान, असे ते म्हणतात. दुसरा गोट संशय घेणाऱ्यांचा. बाप्तिस्म्यामागे नोकरीचा किंवा आश्रयाचा लाभ असतो, आणि सदाचार तर इतरांतही दिसतो. मग बदलावरून सिद्ध काय होणार, हा त्यांचा सवाल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण बदल कोणत्या जातीचा, हे दोघेही तपासत नाहीत.

पौलाने कर्मांनी नीतिमान ठरण्याची कल्पना खोडून काढली हे खरे. पण गलतीकरांस लिहिलेल्या त्याच पत्रात प्रीती, सहनशीलता, इंद्रियदमन ही आत्म्याची फळे त्यानेच मोजून दाखवली. फळ झाडाला जिवंत करत नाही. झाड जिवंत असल्याची ओळख देते. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय पाहा. येशू त्याच्या घरी उतरतो तो कोणतीही अट न घालता, म्हणजे कृपा आधीच झाली आहे. त्यानंतर हा मुख्य जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल करतो. नुसता गोड बोलू लागला असता, तर यरीहोतल्या नाडलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग होता? बदलाची झळ स्वतःला लागावी आणि ज्याचे नुकसान केले त्याच्या पदरात काही पडावे, ही खरी कसोटी.

या कसोटीला इंग्रज खलाशी जॉन न्यूटन अडचणीचा वाटतो. 1748 च्या वादळात तो देवाकडे वळला, त्याची शिवीगाळ सुटली, प्रार्थना सुरू झाली. तरीही पुढे 1754 पर्यंत तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता. रविवारी वर खलाशांची उपासना चाले, आणि खाली बेड्या घातलेली आफ्रिकी माणसे फळ्यांवर इतकी दाटीने कोंबलेली असत की कूस बदलणेही कठीण. तो व्यापार त्याने सोडला तोही आजारपणामुळे. हे उदाहरण कसोटी मोडत नाही, उलट ती किती कडक ठेवावी हे शिकवते. तोंडातली शिवी जाणे हा स्वस्त बदल. 1788 मध्ये स्वतःचा अपराध नावानिशी छापून त्याने या व्यापाराविरुद्ध साक्ष दिली. तेव्हा कुठे त्याच्या पालटाचा लाभ त्या बेड्यांतल्या माणसांच्या दिशेने वळला. चाळीस वर्षांचा हा उशीर क्षम्य ठरवायचे कारण नाही.

लाभाचा आक्षेप पंडिता रमाबाईंपुढे टिकत नाही. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रातला मान त्यांनी पणाला लावला. 1893 मध्ये धर्मप्रसाराच्या आरोपावरून रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनीही त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या संस्थेशी संबंध तोडला. विशेष म्हणजे, बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी भेटला, असे रमाबाईंनीच नमूद केले आहे. विधीला त्यांनी स्वतःच पुरावा मानले नाही. बदल दिसला तो त्यांच्या कामात. सुरुवातीला शारदा सदनात उच्चवर्णीय विधवांच्या सोवळ्याची सोय पाहिली जाई. 1896 च्या दुष्काळात मात्र त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि केडगावात जातपात न पाहता आसरा दिला.

यावर कोणी म्हणेल, धोंडो केशव कर्व्यांनी ख्रिस्ती न होताच विधवांसाठी आश्रम उभा केला. अगदी बरोबर. म्हणूनच बदललेले आयुष्य ख्रिस्ती सिद्धान्त खरे असल्याचा पुरावा नव्हे, तसा दावा करणारा प्रचारक जास्त मागतो. मी ख्रिस्ताचा आहे, असे जो म्हणतो, त्याचे म्हणणे खरे की पोकळ, एवढेच त्यातून कळते. दावा त्याने केला, तेव्हा दाखला देण्याची जबाबदारीही त्याचीच. चर्चच्या वहीत हजेरी आणि दान दोन्ही मांडली जातात. मजुराची बुडवलेली मजुरी परत केली का, भावाचा लाटलेला हिस्सा सोडला का, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारावे, आणि उत्तर नाही असे आले तर त्या विश्वासाला विश्वास म्हणू नये.