ध्वनिसंग्रहाची सूची आणि कवीचे नाव

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्ता येथे ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गैसबर्ग याने गौहरजानचे गायन ध्वनिमुद्रित केले. त्या काळच्या तिच्या ध्वनिमुद्रिकांत गाणे संपता संपता गायिका स्वतःचे नाव उच्चारताना ऐकू येते. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे, अशी त्यामागील व्यवहारी गरज सांगितली जाते. ध्वनीच्या सोबत ध्वनीची ओळखही जतन करण्याचा भारतातील तो आरंभीचा प्रयत्न म्हणता येईल. गाण्याचे शब्द कोणाचे, हे मात्र त्या घोषणेत येत नसे. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे लोटली. तबकडी गेली, फीत गेली, संगीत संगणकाच्या स्मृतीत जाऊन बसले. परंतु ती उणीव जशीच्या तशी राहिली आहे, आणि तिचा संबंध संगीताच्या अभ्यासकाइतकाच साहित्याच्या अभ्यासकाशी आहे.

संगणकावरील संगीतसंग्रह लावून ठेवणारी आणि वाजवणारी सॉफ्टवेअर गेल्या शतकाच्या अखेरीस लोकांच्या हाती आली. विनॅम्प १९९७ साली आले, आयट्यून्स २००१ साली, फूबार २००२ साली. या साऱ्यांची कार्यपद्धती मूलतः एकच आहे. प्रत्येक ध्वनिफितीच्या अंगात तिची माहिती सांगणारा एक छोटा मजकूर असतो. त्याला टॅग म्हणतात. सॉफ्टवेअर तो मजकूर वाचते, त्याचे रकाने करते आणि त्या रकान्यांनुसार हजारो फायली क्षणार्धात रांगेत उभ्या करते. ही सोय थोर आहे, यात शंका नाही. तथापि कपाट आणि सूची यांत फरक असतो. कपाट काहीही सामावून घेते. सूची मात्र आधी ठरवलेल्या प्रश्नांचीच उत्तरे स्वीकारते. म्हणून कोणते प्रश्न ठरवले गेले आणि ते कोणी ठरवले, हे पाहणे अगत्याचे ठरते.

एमपी-३ फायलींसाठी १९९६ साली एरिक केंप याने जी पहिली टॅगपद्धती योजली, ती अवघ्या १२८ बाइटांची होती. गाण्याचे नाव ३० बाइट, कलावंताचे नाव ३०, अल्बमचे नाव ३०, वर्ष ४, शेरा ३०, आणि संगीतप्रकारासाठी केवळ एक बाइट. पाश्चात्त्य बाजारातील लोकप्रिय गीताची ही मोजमापे होत. त्या एका बाइटाच्या पाठीमागे ८० प्रकारांची एक ठरीव यादी होती. तीत पोल्का नृत्यसंगीताला स्वतःचा क्रमांक होता. ख्याल, ठुमरी, कृती, कीर्तन, अभंग, लावणी यांपैकी कशालाही तो नव्हता. जगातील उरल्यासुरल्या साऱ्या संगीतासाठी ‘एथ्निक’ अशी एक पेटी ठेवलेली होती. लिपीची अडचण तर त्याहून मूलगामी होती. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘ज्ञानेश्वर’ या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत. म्हणजे त्या जुन्या रकान्यात हे एक नाव लिहिले की ३० बाइट संपले. महाराज म्हणायलाही जागा उरत नाही.

या मूळ साच्याचे परिणाम आजच्या संग्रहांतही दिसतात. कलावंताचा रकाना अक्षरानुक्रमे लावला की सगळे पंडित ‘प’खाली आणि सगळे उस्ताद ‘उ’खाली गोळा होतात. मालकंस, मालकौंस आणि मालकोश हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे राग ठरतात. विलंबित आणि द्रुत ख्याल स्वतंत्र फायलींत असले आणि यादृच्छिक क्रमाने वाजवण्याची कळ दाबली, तर मारव्याच्या विलंबितानंतर भैरवीची ठुमरी सुरू होते, आणि रागाचे एकसंध आवर्तन मध्येच तुटते. हे दोष रसिकाला खटकतात. परंतु ते दुरुस्त करता येण्याजोगे आहेत. अधिक गंभीर हानी वेगळीच आहे.

ती हानी कवीची आहे. कलावंत, अल्बम आणि गाणे या तीन खुंट्यांवर टांगलेल्या संग्रहात रचनाकर्त्याला ठाव नसतो. गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. त्यातील ५६ गीते ग. दि. माडगूळकरांची, स्वररचना सुधीर फडके यांची आणि मूळ प्रसारणात आवाज अनेक गायक-गायिकांचे. पुढे फडके यांच्या स्वरातील ध्वनिमुद्रण घरोघरी गेले. संगणकातील सूचीत पुष्कळदा ‘कलावंत’ म्हणून फडके तेवढे उरतात. १९११ च्या संगीत मानापमानातील पदे कृ. प्र. खाडिलकरांची आणि चाली गोविंदराव टेंबे यांच्या. पण सूचीत ती पदे कोणा गायकाच्या ‘निवडक नाट्यगीतां’त विखुरतात. नाटक जाते, प्रसंग जातो, पात्र जाते. पद एक सुटे गाणे होऊन बसते. नाट्यवाङ्मयाच्या अभ्यासकाला हा तोटा लहान वाटू नये.

येथे एक विलक्षण साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे. १९९६ चा तो टॅग फायलीच्या अगदी शेवटी जोडलेला असे. भारतीय भाषांतील संतकवींनी आणि वाग्गेयकारांनीही आपली ओळख रचनेच्या अखेरीसच ठेवली. तुकोबांची नाममुद्रा अभंगाच्या शेवटच्या चरणात येते. सदारंगाची ख्यालात, त्यागराजांची कृतीत, पुरंदरदासांची कीर्तनात. जी नोंद सूचीकाराने करावयाची ती कवीने आपल्या हाताने शब्दांत विणून ठेवली, म्हणून ती शतकानुशतके मौखिक परंपरेत तगली. आजचा संग्राहक तेच अभंग जपतो आणि टॅगमध्ये मात्र केवळ गायकाचे नाव लिहितो, हा प्रकार विपरीत म्हटला पाहिजे.

भाषेच्या रकान्याचेही असेच आहे. गदगच्या मातीत जन्मलेले भीमसेन जोशी मराठी अभंग गात आणि कन्नड दासवाणीही गात. पुरंदरदासांच्या मुद्रेत विठ्ठलाचेच नाव आहे. पंढरीच्या एकाच दैवताभोवती दोन भाषांचे काव्य कसे फुलले, हे एका गायकाच्या कंठातून ऐकण्याची संधी अशा संग्रहात असते. पण भाषा आणि कवी हे रकाने रिकामे असतील, तर हे सारे ‘भक्तिसंगीत’ या एका ढिगात मिसळून जाते, आणि तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यातून काहीच वेचता येत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, आता गाणी जाळ्यावरून थेट ऐकली जातात, शोध क्षणात लागतो, यंत्र ध्वनी ओळखून नावही सांगते; मग रकाने भरण्याचा खटाटोप कशाला? आक्षेप वरवर सबळ वाटतो. परंतु यंत्र ओळखते ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. त्यातील काव्य कोणाचे, हे त्याला कोणीतरी आधी सांगितलेले असेल तरच ते सांगू शकते. शिवाय एकच अभंग पाच गायकांनी गायला, तर ते त्याचे पाच पाठ असतात. कोणी कडवे गाळतो, कोणी शब्द बदलतो, कोणी ध्रुवपद निराळे धरतो. हे पाचही पाठ एका रचनेखाली एकत्र आणता आले, तर ध्वनिसंग्रह हा पाठचिकित्सेचे साधन बनतो. विखुरलेले राहिले, तर ती निव्वळ करमणूक राहते.

तांत्रिक अडचण आता उरलेली नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९९८ पासूनच्या टॅगपद्धतीत गीतकार, रचनाकार आणि भाषा यांचे स्वतंत्र रकाने आहेत. फ्लॅकसारख्या फायलींत तर हवे ते नाव देऊन नवा रकाना उघडता येतो आणि तो देवनागरीत भरता येतो. म्युझिकब्रेन्झ या लोकवर्गणीने वाढलेल्या माहितीकोशात रचना आणि तिचे ध्वनिमुद्रण यांची नोंद वेगळी होते, आणि रचनेला राग व ताल जोडता येतात. बार्सिलोनाच्या पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठातील कॉम्पम्युझिक प्रकल्पाने हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताचे संग्रह याच दिशेने रचले. उणीव यंत्रात नाही; ती रकाने रिकामे ठेवणाऱ्यांच्या अनास्थेत आहे.

आस्था असेल तर काय साधते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रित झाल्या. या ओव्यांना अल्बम नाही, प्रसिद्ध कलावंत नाही. पण गाणाऱ्या बाईचे नाव आहे, तिचे गाव आहे, ओवीचा विषय आहे. बाजाराच्या सूचीत ज्यांना एकही रकाना मिळाला नसता, त्या बायका येथे नावानिशी उभ्या आहेत. सूचीतील प्रश्न बदलले की इतिहासातील माणसे बदलतात, हे याहून स्पष्टपणे दाखवता येणार नाही.

म्हणून भारतीय भाषांच्या विभागांनी एक किमान रकानेपद्धती मान्य करून घ्यावी: कवी, स्वररचनाकार, गायक, भाषा, रचनाप्रकार, राग, ताल, मूळ ग्रंथ अथवा नाटक, ध्वनिमुद्रणाचे वर्ष व स्थळ. कर्तृत्व संदिग्ध असेल तेथे तसे लिहावे; नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा याच्या रचना मिसळल्याची चर्चा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या सावधगिरीचे महत्त्व सांगावयास नको. नोंद एखाद्या सॉफ्टवेअरच्या खासगी कोशात न ठेवता फायलीच्या अंगातच ठेवावी. आयट्यून्सचीही मॅकवरील सद्दी २०१९ साली संपली. सॉफ्टवेअर येतात आणि जातात, फाईल मागे राहते.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध करून ती १९४३ साली प्रसिद्ध केली, तेव्हा हाताशी कागदाखेरीज साधन नव्हते. आज साधन प्रत्येक विद्यार्थ्याच्या मेजावर आहे. संग्राहक जातो तेव्हा त्याची स्मृतीही जाते, आणि संग्रहाविषयी जे लिहिलेले असते तेवढेच पुढच्या पिढीला मिळते. तो एक रकाना आज भरला नाही, तर उद्याच्या अभ्यासकाला आवाज ऐकू येईल. कवी मात्र अनामिक ठरेल.