जुनी मोटार : शोभेसाठी की सेवेसाठी?

जुनी विलायती घडणीची मोटार घेणे म्हणजे दारी हत्ती बांधणे होय, असे पुष्कळ पालक म्हणतात. आमचे मत थोडे निराळे आहे. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवरील अँबॅसडर गाडी कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असे. तिची रचना साधी. हुन्नरी मिस्त्री तिचा बहुतेक भाग उघडून दुरुस्त करू शकतो.

मात्र दुरुस्तीस क्रम हवा. आधी ब्रेक व स्टिअरिंग, मग विजेच्या तारा, त्यानंतर इंजिन, आणि रंगरोगण सर्वांच्या शेवटी. दरमहा थोडे काम केले, तर कर्ज काढावे लागत नाही. जो आरंभीच रंग देतो, तो गंजावर केवळ पांघरूण घालतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. परंतु मग ती नित्य वापरता येत नाही. रोज वापरावयाची असल्यास साधी नोंदणीच ठेवून, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून घेतली पाहिजे. त्या तपासणीत जी उतरत नाही, ती खुशाल मोडीत द्यावी.

आपल्या अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती मोटार जपून ठेविली आहे. तिचे स्थान तेच. घरच्या मोटारीने मात्र आजारी शेजाऱ्यास दवाखान्यात पोहोचवावे. विद्यार्थिमित्रहो, पुरून ठेविलेल्या धनाचा दाखला आपणांस ठाऊकच आहे. जुन्या वस्तूचा खरा मान तिच्या उपयोगात असतो.