टनामागचा हिशेब आणि कोरडवाहू शेत



हवामानाच्या प्रश्नावर सरकारे नुसती बोलत राहिली, तेव्हा आता कंपन्या आणि स्वयंसेवी संस्थाच देशोदेशी काम करून दाखवतील, असे म्हणणारे पुष्कळ झाले आहेत. करोत बापडे. पण काम झाले की नाही हे मोजायचे कसे, हा प्रश्न आमच्या बांधापर्यंत आला आहे.

'बेटर कॉटन'चेच पाहा. आयकेया, एच अँड एम अशा कंपन्या आणि काही पर्यावरणवादी संस्था यांनी मिळून २००९ साली ही संस्था उभी केली. महाराष्ट्र आणि तेलंगणात २०१९ ते २०२२ या काळात तिच्या कामाची पाहणी झाली, त्यात औषधांचा खर्च बराच उतरल्याचे दिसले. फवारणीने विषबाधा होऊन माणसे मेलेली ज्यांनी पाहिली आहेत, ते याला लहान गोष्ट म्हणणार नाहीत. आम्हीही म्हणत नाही.

आमची हरकत दुसऱ्या गोष्टीला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये संस्थेने जाहीर केले की, २०३० पर्यंत दर टन रुईमागे हवा तापवणारे वायू निम्म्यावर आणू. यातला 'दर टन' हा शब्द नीट वाचा. कपाशीला युरिया टाकला की त्यातल्या नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. समजा, एकरी एक पोते युरिया दिला. पाऊस बरा झाला, सहा क्विंटल कापूस झाला. पुढच्या साली तेवढेच पोते, पण ऑगस्टात पावसाने दडी मारली आणि तीनच क्विंटल हाती आला. शेतातून वायू तेवढाच गेला, पण क्विंटलमागचा आकडा दुप्पट! पाऊस पडला नाही हा गुन्हाही आमच्याच खात्यावर.

उलट, विहीर-ठिबकवाला दुप्पट युरिया टाकून बारा क्विंटल काढतो. त्याच्या एकरातून वायू दुप्पट जातो, तरी कागदावर तो आमच्या चांगल्या सालाच्या बरोबरीला आणि वाईट सालाच्या कितीतरी वर. त्याच्याशी आमचे भांडण नाही. तोही कर्जातच आहे. पण अशा आकड्यावरून कोणाचा कापूस स्वच्छ हे उद्या ठरू लागले, तर बाजारातून पहिला बाहेर पडेल तो कोरडवाहू शेतकरी. आणि कंपन्यांनी कापडाची विक्री वाढवली, तर टनामागचा आकडा उतरूनही एकूण धूर वाढू शकतो. सूतगिरणी आणि रंगाईचा धूर तर या आकड्यात येतच नाही.

आम्ही मोजमापाला नाही म्हणत नाही. एकरी मोजा, निदान पाच सालांची सरासरी धरा, शेजारी पावसाची नोंद ठेवा. कपाशीतल्या तुरीचा पाला आणि ज्वारीची फेरपालट हिशेबात घ्या. आणि हा हिशेब मराठीत लिहून गावात वाचून दाखवा.

जिल्हा बैठकीला येताना तीन सालांची खताची पोती, फवारण्या आणि उतारा वहीत लिहून आणा. बोलणीला बसायचे तर आधी आपला आकडा आपल्या हाती हवा.