घाण्याला जुंपलेला अंगठा

शहाडहून सकाळी मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते; पण एक हात मोकळा असतो आणि त्यात मोबाइल. एखादा तरुण राजकारणाचा खेळ खेळत असतो. पक्ष काढायचा, कार्यकर्ते जमवायचे, प्रभाग जिंकायचे. प्रत्यक्षात दादर येईपर्यंत डावपेच एकही होत नाही. अंगठा एकाच बटणावर पडत राहतो: भरती, भरती, भरती.

गेमर याला ‘ग्राइंडिंग’ म्हणतात. आपल्याकडे घाण्याच्या बैलाची उपमा आहे. चालणे खूप, पोहोचणे कुठेच नाही.

दोष एकट्या खेळणाऱ्याचा नाही. प्रत्येक भरतीची किंमत सारखीच ठेवली, की जो जास्त वेळ बसेल तो जिंकतो; डोके चालवणारा मागे पडतो. त्यात शंभरातल्या एखाद्या भरतीत ‘मातब्बर नेता’ हाती लागतो. बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले, की प्राणी न थकता कळ दाबत राहतात, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांत दाखवले होते. माणसाचा अंगठाही वेगळा वागत नाही. मग झोप मोडते, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, पापण्या कमी लवल्याने डोळे कोरडे पडतात.

खेळणारा प्रत्येक जण रुग्ण नसतो, हेही स्पष्ट सांगायला हवे. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसूनही तो चालूच राहणे, ही तिची लक्षणे. निदानासाठी ती साधारणपणे 12 महिने दिसावी लागतात.

पण आजाराची वाट कशाला पाहायची? उपाय खेळाच्या रचनेतच आहे. प्रत्येक पुढचा कार्यकर्ता आधीच्यापेक्षा महाग करावा. जमवलेल्यांना काम दिले नाही तर ते पक्ष सोडून जावेत. खऱ्या राजकारणातही तेच होते. खेळाडू झोपलेला असताना थोडी भरती आपोआप साठावी, म्हणजे रात्री 2 वाजता उठण्याचे कारण उरत नाही. 2004 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चाचणीत सलग खेळणाऱ्यांचे गुण कमी केले जात, तेव्हा खेळाडू चिडले. मग तीच कल्पना उलटी मांडली: विश्रांती घेऊन येणाऱ्याला वाढीव गुण. तक्रार थांबली. दंडापेक्षा विश्रांतीचे बक्षीस लोकांना पटते.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘आजची भरती संपली, पैसे भरा आणि पुढे खेळा’ ही मर्यादा नव्हे, तो गल्ला आहे. ‘रोज हजेरी लावा, नाहीतर मालिका तुटेल’ हाही विश्रांतीचा नव्हे, जुंपण्याचाच प्रकार.

घरच्यांनी मोबाइल हिसकावण्याआधी मुलाला एक साधा प्रश्न विचारावा: ‘गेल्या अर्ध्या तासात तू खेळात कोणता निर्णय घेतलास?’ उत्तर आले तर तो खेळतो आहे. उत्तर सुचलेच नाही, तर खेळ त्याला खेळवतो आहे. तेव्हा मोबाइल खाली ठेवण्याची वेळ झाली, हे त्यालाही कळेल.