गावकूस आता सिमेंटचं झालंय



“आता कोण जात पाळतं?” हे वाक्य हल्ली लई माजलंय. सटाण्याच्या बसस्टँडवर चहा पिताना ऐकू येतं, कांदा मार्केटात ऐकू येतं, नाशकात नोकरी करणाऱ्या साहेबाच्या तोंडून तर हमखास ऐकू येतं. हे म्हणणारा माणूस एकदा नीट बघा. आडनाव ऐकून ज्याच्या तोंडावर कुणी कधी दार लावलं नाही, तोच हे म्हणतो. ज्याचा पाय कधी भाजला नाही त्यानं निखारे विझले म्हणून सांगावं, तसला हा प्रकार.

त्याचं बोलणं मला कळतं. ते त्याच्या फायद्याचं आहे. मला चीड येते ती आपल्या पोरांची. जयंतीला निळा फेटा बांधणारी, चार बुकं शिकलेली आपली पोरं बैठकीत मला सांगतात, “दादा, परंपरा खेड्यात असते. शहर वाढलं, शिक्षण वाढलं की ती आपोआप मरते. जरा कळ काढा.”

किती कळ काढायची? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो नाशकात. नाशिक काय खेडं होतं? तिथं रेल्वे होती, कलेक्टर होता, कोर्ट होतं, शाळा होत्या. वर्षानुवर्षं सत्याग्रह चालला. दादासाहेब गायकवाडांनी आणि हजारो बायाबापड्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. शहर आपोआप माणसाला माणूस करत असतं, तर नाशिकनंतर येवला करायची गरजच पडली नसती!

दुसरी एक जमात आहे रडव्या कवींची. ह्यांना शहर आवडत नाही. शहरात फ्लॅट घेतात, गाडी घेतात आणि गाव हरवलं म्हणून कविता लिहितात. पार हरवला, वाडा हरवला, जात्यावरची ओवी हरवली, शेजारधर्म हरवला. अरे, कुणाचा पार? आमचा आजा त्या पारावर बसू शकत नव्हता. कुणाचा वाडा? आमच्या आजीनं त्या वाड्याचं अंगण झाडलं आणि भाकर पदरात वरून टाकून घेतली. कुणाचा शेजारधर्म? आमचा शेजार गावाच्या खालच्या अंगाला, वारा आणि पाणी विटाळू नये म्हणून. येसकरकी करायची, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी टपाल घेऊन घोड्यापुढं धावायचं आणि ह्या सगळ्याला नाव काय, तर वतन! हे वतन मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं, आणि प्रत्यक्ष कायद्यानं ते मोडायला १९५८ उजाडलं. तीस वर्षं. त्या गावाच्या आठवणीनं ज्याला गहिवर येतो त्यानं खुशाल रडावं. आमच्या नावानं रडू नये.

गाव म्हणजे अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं डबकं, असं बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत तोंडावर बोलले. तेव्हा मला कुणी गावाकडं परत चला म्हणून सांगू नये. मी शहराच्या बाजूचा माणूस आहे. पण शहराच्या बाजूचा आहे म्हणूनच शहराला शिव्या द्यायचा हक्क माझा.

आता यंत्राचं ऐका. मी यंत्रावर पोट भरणारा माणूस. सटाण्याहून मालेगावला लूमवर जातो, बारा तासांची पाळी. कांडी संपली की धोटा काढायचा, नवी कांडी भरायची, दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर घ्यायचं. जुन्या गिरण्यांत हे काम तोंडानं व्हायचं. धोट्याला ओठ लावायचा, श्वास ओढायचा, दोरा बाहेर. ह्या एवढ्याशा श्वासावर मुंबईत काय रामायण झालं ते आपल्या किती पोरांना माहीत आहे? विणकाम खात्यात पगार जास्त. पण त्या खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. कारण अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला स्पृश्य कामगार तोंड लावणार नाही! आपल्या माणसानं कताईच्या बाजूला कमी पगारात मरायचं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं की आमच्या माणसाला विणकाम खातं उघडण्याची मागणी तुमच्या मागण्यांत का नाही?

विचार करा. गिरणी म्हणजे त्या काळचं सगळ्यात आधुनिक ठिकाण. यंत्र विलायतेचं, वेळ भोंग्याची, पगार रोख, दारात लाल बावटा. आणि आत थुंकीला जात! यंत्रानं जात मारली नाही. जातीनं यंत्रावर जागा धरली. जागा धरायची तिला सवयच आहे, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तशी.

म्हणून फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला, रेल्वेतल्या आपल्या कामगारांच्या परिषदेत, बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एक नाही, दोन. मनमाड काही लांब नाही, मालेगाव ओलांडलं की पुढं मनमाड. पण आपल्याकडं कुणी एकच शत्रू पकडून बसतो, कुणी दुसरा. दोघांनी हातात हात घातलाय हे बघायला कुणी तयार नाही.

बघायचंच असेल तर सटाण्यात बघा. डाळिंबानं पैसा आणला, कांद्यानं आणला. तेल्या रोगानं कित्येक बागा खाल्ल्या तरी तोवर मळ्यांचे प्लॉट पडले होते. आरम नदीच्या काठचा हा तालुक्याचा गाव बघता बघता शहर झाला. नवनव्या कॉलन्या, मंगल कार्यालयं, इंग्रजी शाळा, मोबाईलची दुकानं. चांगलं आहे. पण कुठल्या कॉलनीत कोण राहतो ते मला न विचारता तुम्हीच सांगाल. पाट्या लावलेल्या नाहीत तरी सांगाल. जुनं गावकूस मातीचं होतं, पावसात ढासळायचं. आता त्याला सिमेंटचा गिलावा केलाय, वरून डिस्टेंपर मारलाय.

नाशकात खोली शोधत फिरलोय मी. खोली रिकामी, भाडं कबूल, डिपॉझिट खिशात. घरमालक गोड माणूस, आपल्या बागलाणकडचाच, पाणी दिलं. मग अहिराणीत हळूच, “आडनाव काय शे भाऊ तुनं?” सांगितलं. मग त्याच्या एकदम ध्यानात आलं की खोली भाच्याला देऊ केलीय. हे भाचे नाशकात किती आहेत, मोजदाद नाही! आमचं आडनाव ऐकलं की जन्माला येतात.

गावात विचारायचे, “कोणाचा रे तू?” शहरात विचारतात, “पूर्ण नाव काय?” एवढीच प्रगती. लग्न जमवायच्या मोबाईलमध्ये जातीचा रकाना पहिल्यापासून भरून घेतात, त्याला म्हणतात नवं तंत्रज्ञान. आणि हा नुसता रकाना नाही, रक्त आहे. २०१३ साली ह्याच नाशिक शहरात एका बापानं गरोदर लेकीचा जीव घेतला, कारण तिनं जातीबाहेर लग्न केलं. जातपंचायतीचा बहिष्कार त्याच्या डोक्यावर होता. हे घडलं ते डांबरी रस्त्यांच्या, कॉलेजांच्या, कारखान्यांच्या शहरात. त्यानंतर जातपंचायतींविरुद्ध रान उठलं, २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, २०१७ पासून लागू झाला. कायदा कळ काढून झाला नाही. माणसं रस्त्यावर आली, बहिष्कृत घरांनी तोंड उघडलं, म्हणून झाला.

आता सटाणकरांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीला हात घालतो. रागवा, पण पुरतं ऐका.

सटाण्याचं दैवत देवमामलेदार यशवंतराव महाराज. हा माणूस होता कोण? इंग्रज सरकारचा मामलेदार, यशवंत महादेव भोसेकर. १८७०-७१ च्या दुष्काळात माणसं अन्नावाचून मरायला लागली तेव्हा त्यानं सरकारी खजिना लोकांसाठी उघडला. वरचा हुकूम, नियम, नोकरी, सगळं बाजूला ठेवलं. मला ह्या माणसाबद्दल आदर आहे, बामण असला तरी. खुर्चीवर बसून माणूस राहणारे थोडेच.

पण पुढं काय झालं? गावानं त्याचा देव केला. देऊळ बांधलं, यात्रा भरते, रथ निघतो, पाळणे येतात, आजचे अधिकारी आणि पुढारी पूजेला उभे राहतात. मी विचारतो, त्यांतल्या एकानं तरी भुकेल्या माणसासाठी नियम मोडून तिजोरी उघडली का? नाही. उघडायची गरजच नाही! तो चमत्कार होता, तो देव होता, आपण साधी माणसं. माणसानं केलेलं काम दुसऱ्या माणसाला करता येतं. देवानं केलेल्या कामापुढं फक्त नारळ फोडता येतो. परंपरा नव्या माणसाला कशी गिळते त्याचा हा धडा आपल्या दारात आहे. ती लढत नाही, ती हार घालते.

आणि आता छातीवर हात ठेवून सांगा, बाबासाहेबांचं आपण काय चालवलंय?

चौदा एप्रिलला डीजे किती मोठा यावर दोन वस्त्यांत भांडण. वर्गणीचा हिशेब नाही. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये, आणि त्याच भिंतीखाली बसून लेकीच्या लग्नाचा मुहूर्त काढायचा. त्रिसरण म्हणायचं आणि हुंडा मोजायचा. भाषणात बहुजन एकजूट, आणि मांगाच्या, चांभाराच्या, भिल्लाच्या पोरीशी आपल्या पोरानं लग्न करतो म्हटलं की घरात सुतक. आपल्या बायांनी काळारामाच्या दारात मार खाल्ला, आज बैठकीत आपल्या बाया चहाच्या भांड्याजवळ. ही कुठली परंपरा? मनूची म्हणून शिव्या घालतो तीच ना? आपल्या घरात आली म्हणून ती निळी होत नाही.

दुसरा मुद्दा नावांचा. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं ठरवलं, वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यायचं. आपल्यातले काही म्हणतात, क्रांती झाली. काही म्हणतात, नावानं काय होतं? दोघंही अर्धवट. नावाला किंमत असते. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी आपली घरं जळली, माणसं मेली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. ज्या नावाला एवढं रक्त लागलं ते नुसतं नाव नव्हतं. म्हणून महारवाडा ही पाटी उतरली याचा मला आनंदच आहे. पण पाटी बदलून गटार तिथंच तुंबत असेल, नळाला पाणी उशिरा येत असेल, घराखालची जागा अजून घरवाल्याच्या नावावर नसेल, तर समतानगर ही आपल्या तोंडाला पुसलेली पानं आहेत. नाव घेतलंत, आता उतारा मागा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते पाटीसाठी नाही, जमिनीसाठी.

म्हणून मी आपल्या पोरांना सांगतो, वाट बघणं बंद करा. परंपरा आणि आधुनिकता यांची कुस्ती लागलीय आणि आपण कडेला बसून टाळ्या वाजवायच्या, असं हे नाही. त्या दोघींनी भागीदारीत दुकान टाकलंय. एकीचा माल, दुसरीचा शोरूम.

करायचं काय ते साधं आहे. जयंतीच्या वर्गणीतला अर्धा पैसा अभ्यासिकेला, आणि हिशेब वस्तीच्या भिंतीवर चिकटवायचा. जिथं आडनावावरून खोली नाकारली तिथं एकट्यानं परत फिरायचं नाही, दहा जणांनी जाऊन त्याच दारात कारण विचारायचं. वस्तीतल्या प्रत्येक घराचा उतारा काढायचा, नाव नसेल तर नगरपालिकेवर आणि तहसीलवर बसायचं. लूमवर, मळ्यात, हमालीत जिथं असू तिथं युनियन करायची, आणि तिच्या मागण्यांत जातीची मागणी पहिल्या पानावर घालायची, शेवटच्या नाही. जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरापोरींच्या मागं अख्खी वस्ती उभी करायची, आणि सुरुवात आपल्या घरातनं. बैठकीत चहा पुरुषांनी करायचा, अध्यक्षपण बायांनी.

हे वाचून कुणी म्हणेल, हा लूमवाला आम्हाला शिकवायला लागला. होय, लागलो. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर पुढच्या अंकात लिहा, माझी चामडी सोला, मी उत्तर देईन. पण “आता कोण जात पाळतं” हे वाक्य आपल्या बैठकीत परत ऐकू आलं, तर बोलणाऱ्याला घेऊन मी खोली शोधायला जाणार आहे. त्यानं फक्त माझं आडनाव सांगायचं.

जयभीम!